ऐंशी लाख विटांचं नगरभवन

शुक्रवार

जूनच्या सुरुवातीला स्टॉकहोममध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्यामुळे दुपारी उशिरा आर्लांडा विमानतळावर उतरूनही संध्याकाळ हाती लागली. मध्यवर्ती स्थानकापर्यंतची रेल्वे वीसेक मिनिटांची. ताई फलाटावर उभी होतीच. ती आणि भावजी किस्टा भागात राहतात. दोघंही टेलिकॉममधली, आणि त्या भागात बस थांब्यावर मराठी कानावर पडलं तर कुणी वळूनही बघत नाही, इतकी आपली माणसं आता तिथे आहेत.

"आधी काय बघायचं?" चहाचा कप हातात देत ताईने विचारलं. मी म्हटलं, "नगरभवन. पण आज लांबूनच." वीटकाम हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय. विसाव्या शतकात विटेने बांधलेल्या इमारतींची यादी करायला बसलं, तर स्टॉकहोमचं स्टाड्सहूसेत, म्हणजे तिथलं नगरभवन, टाळून पुढे जाताच येत नाही. या वेळचा सगळा प्रवास मी त्याच्याच भोवती आखला होता.

ताईने नेलं ते सोडरमाल्म बेटावरच्या मोंतेलियुसवेगेनला. खडकाच्या कडेने जाणारी ही अरुंद पायवाट. खाली रिद्दारफ्यार्देनचं पाणी, म्हणजे मेलारेन सरोवराचं शहरात शिरलेलं टोक. पलीकडच्या काठावर कुंग्सहोल्मेन बेट आणि त्याच्या अगदी कोपऱ्यावर पाण्याला पाय लावून उभी असलेली ती तांबडी इमारत. उजवीकडे रिद्दारहोल्मेन चर्चचा लोखंडी जाळीचा सुळका आणि त्यामागे जुनं शहर. ही सगळी रांग एका नजरेत मावते.

इतक्या लांबून आधी जाणवतो तो मनोरा कुठे ठेवलाय हे. नगरभवन म्हटलं की दर्शनी बाजूच्या बरोबर मध्यावर मनोरा आणि दोन्हीकडे सारख्या भुजा, असं युरोपभर दिसतं. इथे मनोरा एका कोपऱ्यात, पाण्याच्या बाजूला सरकवलेला. उंची १०६ मीटर, वर तांब्याची घुमटी आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेले तीन मुकुट, स्वीडनचं राजचिन्ह. मनोरा वर जाताना किंचित निमुळता होतो. एवढा भरभक्कम असूनही तो जड वाटत नाही, याचं कारण या उतारात आहे.

वास्तुविशारद राग्नार ओस्टबर्ग. जन्म १८६६, मृत्यू १९४५. तरुणपणी ते इटलीत भरपूर हिंडले, आणि व्हेनिसची छाप इथे लपत नाही. पाण्यालगत उघड्या ओवऱ्या, वर भिंतीचा सलग विस्तार, बाजूला मनोरा. व्हेनिसचा जुना राज्यप्रमुख म्हणजे डोज, त्याच्या राजवाड्याची आठवण कुणालाही होईल. पण लाल विटेची ती घट्ट, गंभीर भिंत व्हेनिसची नाही. ती स्वीडनच्या जुन्या किल्ल्यांची आणि मठांची. त्या काळी उत्तर युरोपात आपल्या मातीतल्या जुन्या बांधणीकडे नव्याने बघण्याची एक लाट आली होती. तिला राष्ट्रीय रोमँटिक शैली म्हणतात, आणि स्टाड्सहूसेत हे तिचं सगळ्यांत प्रौढ फळ आहे असं माझं मत आहे.

भावजींनी तिथल्या जागेची गोष्ट सांगितली. आज नगरभवन आहे त्या कोपऱ्यावर पूर्वी एल्डक्वार्न नावाची पिठाची गिरणी होती, स्वीडनमधली वाफेवर चालणारी पहिली गिरणी, १८०६ची. ३१ ऑक्टोबर १८७८ च्या रात्री ती जळाली. सगळं शहर काठावर जमून ती आग बघत होतं. आजही फार वर्षांत न घडलेल्या गोष्टीबद्दल बोलताना तिथली म्हातारी माणसं "एल्डक्वार्न जळाल्यापासून असं पाहिलं नाही" म्हणतात. नगराच्या नव्या इमारतीसाठी शेवटी हाच मोक्याचा कोपरा निवडला गेला.

शनिवार

सकाळ जुन्या शहरात, गामला स्टानमध्ये घालवली. नगरभवनाआधीचं नगर बघितल्याशिवाय नगरभवन नीट कळत नाही.

स्टोरटोरियेत हा तिथला सगळ्यांत जुना चौक. चढाचा, छोटासा, भोवती उंच चिंचोळी रंगीत घरं. नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्टियान याने याच चौकात स्वीडिश सरदार, बिशप आणि नगरातल्या प्रतिष्ठित नागरिकांची मुंडकी उडवली. मेलेल्यांमध्ये स्टॉकहोमचे नगराध्यक्षही होते. त्या कत्तलीतून जे बंड उठलं त्याचा नेता गुस्ताव्ह वासा. जून १५२३ मध्ये तो राजा म्हणून निवडला गेला आणि त्याच महिन्यात मिडसमर या उन्हाळी सणाच्या सुमारास त्याने स्टॉकहोममध्ये प्रवेश केला. नगरभवनाचं उद्घाटन २३ जून १९२३ ला, मिडसमरच्या आदल्या दिवशी झालं. बरोबर चारशे वर्षांनी. ही तारीख ठरवूनच धरलेली होती.

जुनं नगरभवनही याच चौकात होतं. ते पाडून त्या जागी १७७० च्या दशकात एरिक पाल्मस्टेड्टने बांधलेली बोर्सहूसेत, म्हणजे शेअर बाजाराची इमारत आज उभी आहे. तिच्या तळमजल्यावर आता नोबेल पुरस्काराचं संग्रहालय आहे आणि वर स्वीडिश अकादमी. चौकातून खाली पाण्याकडे उतरलं की बोंडे घराण्याचा वाडा लागतो. १७३२ ते १९१५ इतका काळ नगराचं न्यायालय आणि कारभार या सरदारी वाड्यात चालला. आज तिथे सर्वोच्च न्यायालय आहे. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं राजधानीच्या नगराला स्वतःचं म्हणावं असं घर नव्हतं. दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड. ओस्टबर्गच्या इमारतीत जो थाट आहे, त्यामागे एवढ्या वर्षांची साठलेली इच्छा असणार.

दुपारी रिद्दारहोल्मेनवरून चालत पलीकडे गेलो. जेमतेम पंधरा मिनिटांची वाट. शनिवार असल्यामुळे नगरभवनाच्या दारात लग्नाच्या जोड्यांची ये-जा चालली होती. आत 'ओव्हल' नावाचं लंबगोल दालन आहे, तिथे नोंदणी पद्धतीची लग्नं लागतात. थोडक्यात उरकणारा विधी मिनिटभरही चालत नाही. एक जोडपं बाहेर येतं तोवर दुसरं पायरीवर तयार. त्या दालनाच्या भिंतींवर सतराव्या शतकात फ्रान्समधल्या बोव्हे इथे विणलेले पडदे आहेत, ते उद्या दिसणार होते.

आज मला फक्त चौक आणि भिंती बघायच्या होत्या. बाहेरचा चौक, बोर्गारगोर्देन, म्हणजे नागरिकांचा चौक. तो सगळ्यांना उघडा आहे, तिकीट नाही, विचारपूस नाही. चारी बाजूंनी विटेच्या भिंती, आणि दक्षिणेला ओवऱ्यांमधून थेट पाणी दिसतं. तिथल्या एका कमानीत उभं राहून मी बराच वेळ नुसती वीट बघत होते.

ही वीट आपल्या नेहमीच्या विटेपेक्षा मोठी आहे. स्वीडिशमध्ये तिला मठातल्या साधूंवरून नाव आहे, कारण मध्ययुगात मठ आणि चर्च बांधताना हे माप वापरत. सोडरटेल्ये गावाजवळच्या लिना वीटभट्टीतून ती आली, हाताने थापलेली. एकूण विटा जवळपास ऐंशी लाख. एकही कड शंभर टक्के सरळ नाही. भट्टीत आच कुठे जास्त, कुठे कमी बसली तसे रंग: एक वीट करडी जांभळट, शेजारची शेंदरी, मधूनच एखादी जळून काळपट. थर बघितले तर दोन विटा लांबीने, मग एक रुंदीने, पुन्हा दोन लांबीने, असा ठेका. विटांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, जाड आणि जरा आत दाबलेल्या. त्यामुळे उन्हात प्रत्येक विटेला स्वतःची बारीक सावली मिळते. लांबून जी भिंत एकरंगी वाटते, ती हातभर अंतरावरून बघितली की विणलेल्या जाडसर कापडाइतकी जिवंत दिसते. यंत्राने कापलेली, काटेकोर वीट त्या काळी सहज मिळत होती. ती नाकारून ही निवडली, आणि शंभर वर्षांनंतर तो निर्णय किती योग्य होता हे बोटांना कळतं.

मनोऱ्याच्या पायथ्याशी बाहेरच्या बाजूला एक सोनेरी शवपेटी आहे. वर पहुडलेली बिर्गर यार्लची, म्हणजे तेराव्या शतकातल्या स्वीडनच्या सत्ताधीशाची मूर्ती. स्टॉकहोमचा उल्लेख असलेलं सगळ्यांत जुनं पत्र १२५२ चं, आणि त्याखाली नाव याच बिर्गर यार्लचं, म्हणून तो नगराचा संस्थापक मानला जातो. पेटी मात्र रिकामी. त्याची खरी कबर दूर व्हार्नहेमच्या मठात आहे.

रविवार

आतला भाग फक्त गाईडबरोबरच बघता येतो. सकाळच्या इंग्रजी फेरीचं तिकीट काढलं. आमची गाईड इतिहासाची विद्यार्थिनी होती, आवाज खणखणीत, आणि प्रश्न विचारलेले तिला आवडत होते.

पहिलं दालन ब्लो हालेन, निळं दालन. पन्नास मीटर लांब, तीस रुंद, बावीस उंच, आणि नखशिखांत तांबडं. ओस्टबर्गच्या मनात भिंतींना गिलावा करून निळा रंग द्यायचा होता. नाव तेव्हाच पडलं. पण विटा चढल्या, उजेड पडला आणि त्यांना ती वीट झाकवेना. त्यांनी निळा रंग सोडून दिला. मात्र वीट आहे तशीही ठेवली नाही. पाट्याला टाकी लावतात तशी भिंतीतल्या विटेला हाताने टाकी लावून घेतली. हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक विटेवर छिन्नीचे आखूड, तिरपे घाव. एका कारागिराचे घाव खोल आणि विरळ, चार हातांवर दुसऱ्याचे बारीक आणि दाट. त्या खरबरीतपणामुळे उजेड भिंतीवरून घसरत नाही, मुरतो. एवढ्या प्रचंड दालनात मऊपणा येतो तो त्यामुळे.

हे दालन म्हणजे खरं तर छप्पर घातलेला चौक आहे. एका बाजूने ओवऱ्या, वरच्या मजल्यावर सज्जा, छताखाली ओळीने खिडक्या आणि त्यांतून उतरणारा दिवसाचा उजेड. इटलीतला नगरचौक उत्तरेच्या थंडीत आणायचा तर त्यावर छप्पर हवंच. बाहेरचा उघडा आणि आतला झाकलेला, असे दोन चौक शेजारी शेजारी ठेवणं हे या आराखड्याचं मर्म आहे.

जिन्याबद्दल गाईडने जी हकिगत सांगितली ती तिथे प्रत्येक फेरीत सांगतात. पायऱ्या मुद्दाम बुटक्या आणि रुंद ठेवल्या आहेत. लांब पायघोळ झगा घालून, मान ताठ ठेवून, खाली न बघता उतरता आलं पाहिजे, म्हणून ओस्टबर्गनी म्हणे आपल्या पत्नीला तसा पोशाख घालून पुन्हा पुन्हा उतरून बघायला लावलं. मी उतरून पाहिलं. पाऊल आपोआप पडतं. समोरच्या भिंतीवर वर एक चांदणीसारखी खूण आहे, तिच्यावर नजर ठेवली की मान वर राहते.

दरवर्षी १० डिसेंबरला नोबेल पारितोषिकांचं भोजन होतं ते याच दालनात. पहिलं भोजन १९०१ मध्ये ग्रँड हॉटेलात झालं. १९३० च्या दशकात ते नगरभवनात आलं, आधी वरच्या सोनेरी दालनात, आणि पाहुणे वाढल्यावर १९७४ पासून इथे खाली. आता तेराशेच्या आसपास लोक बसतात. जेवण वाढणारे रांगेने त्या जिन्यावरून खाली येतात. गाईडने सांगितलं, पाहुण्याच्या वाट्याला टेबलाची साठ सेंटिमीटर रुंदी येते. कोपराला कोपर लागणारच.

इथे मला २०१९ साल आठवलं. त्या वर्षी अर्थशास्त्राचं पारितोषिक घ्यायला अभिजित विनायक बॅनर्जी धोतर आणि बंद गळ्याच्या कोटात आले होते, एस्थर दुफ्लो साडीत. मुंबईत जन्मलेल्या बॅनर्जींच्या आई, निर्मलाबाई, माहेरच्या पाटणकर. ताईने तो सोहळा घरी टीव्हीवर पाहिला होता, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या ऑफिसात स्वीडिश सहकाऱ्यांनी तिला धोतर नेसतात कसं ते विचारलं होतं. रवींद्रनाथांच्या वेळी, १९१३ मध्ये, ही इमारत नुकती कुठे वर येत होती. ते स्वतः स्टॉकहोमला आले मे १९२१ मध्ये, आणि तेव्हाही काम चालूच होतं. पण त्यांच्या कवितांना इंग्रजीत प्रस्तावना लिहिणारे आयरिश कवी येट्स डिसेंबर १९२३ मध्ये पारितोषिक घ्यायला आले, तेव्हा नगरभवन उघडून सहा महिनेच झाले होते. ते इतके भारावले, की इटलीतल्या रेनेसाँसच्या नगरांनंतर असं काम झालं नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं. एका कवीने पहिल्याच हिवाळ्यात दिलेला हा शेरा आजही खरा वाटतो.

वरचा मजला. परिषदेच्या दालनाविषयी उद्या सांगते. प्रिन्सेन्स गॅलरी हे लांबट दालन, एका बाजूला ओळीने खिडक्या, त्यातून पाणी आणि पलीकडचं सोडरमाल्म. समोरच्या सलग भिंतीवर ओल्या गिलाव्यावर केलेलं चित्र: तेच पाणी, तोच काठ. राजा दुसरा ऑस्कर याचा धाकटा मुलगा प्रिन्स युजीन याने ते स्वतः रंगवलं. तो पेशानेच चित्रकार होता. विचार असा, की खिडक्यांकडे पाठ करून बसलेल्या पाहुण्यालाही शहराचं पाणी दिसावं. पाहुण्याचा इतका विचार करणारी भिंत मी दुसरी पाहिलेली नाही.

आणि मग गिलेने सालेन, सोनेरी दालन. दार उघडलं आणि आमच्या गटातलं बोलणं थांबलं. ४४ मीटर लांबीच्या या दालनाच्या चारी भिंती मोझेइकने मढवलेल्या. काच आणि सोन्याचे एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त तुकडे. सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये बंद केलेला असतो, त्यामुळे तो झिजत नाही, काळवंडत नाही. चित्रकार आइनार फॉर्सेथ. काम मिळालं तेव्हा त्याची तिशीही उलटलेली नव्हती. बर्लिनच्या पूल आणि वाग्नर या कारखान्यात तुकडे तयार झाले आणि दोनेक वर्षांत सगळं दालन पुरं केलं. उद्घाटनाची तारीख हलणार नव्हती.

टोकाच्या भिंतीवर मेलारेनची राणी बसली आहे. मोठाले डोळे, सापासारखे केस, मांडीवर स्टॉकहोम. एका हाताला पश्चिमेचं जग, आयफेल टॉवर आणि स्वातंत्र्यदेवतेसह, दुसऱ्या हाताला पूर्व, तिथे हत्तीही आहे. दोन्ही जगांनी मध्ये बसलेल्या नगराला मान द्यायला यावं असा बेत. उद्घाटनानंतर लोकांनी या राणीवर पुष्कळ टीका केली, कुरूप म्हटलं. मला ती आवडली. ती गोड दिसायचा प्रयत्न करत नाही. बायझंटाइन चर्चमधल्या आकृती बघणाऱ्याला खूश करायला नसतात, तशी ती समोर बघते.

तिच्या समोरच्या भिंतीवर अगदी वर एक घोडेस्वार आहे, त्याला डोकं नाही. भिंतीची उंची आणि चित्राचं माप जुळलं नाही, आणि वरचा भाग छतात गेला, असं गाईडने सांगितलं. तो स्वार संत एरिक, नगराचा रक्षक संत, ज्याचं डोकं नगराच्या मुद्रेवर आहे. त्याचा शिरच्छेदच झाला होता, त्यामुळे चित्र तसंच राहू दिलं.

फॉर्सेथने पुढे चाळीसेक वर्षांनी इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलमध्ये मोझेइकची फरशी केली. तीही एकदा बघायची आहे.

सोमवार

मनोरा उन्हाळ्यातच उघडा असतो आणि एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात. एकूण ३६५ पायऱ्या. अर्ध्यापर्यंत लिफ्ट आहे. ताई लिफ्टने गेली, मी चालत. मधल्या टप्प्यावर छोटं संग्रहालय आहे, तिथे सजावटीसाठी केलेले पुतळ्यांचे मूळ साचे ठेवले आहेत, आणि संत एरिकचा एक प्रचंड पुतळा, ज्याच्या गुडघ्याशी माणूस खुजा दिसतो. तिथून वर जिना संपून भिंतीच्या आतून फिरत जाणारे विटेचे चढ लागतात. इथे गिलावा नाही, सजावट नाही. दोन्ही खांदे विटेला घासत जातात. सर्वांत वर नऊ घंटा आणि चारी दिशांना उघडं शहर. पाणी किती आत आत शिरलंय हे इथून समजतं.

खाली उतरून पाण्याकाठच्या बागेत आलो. पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, लोक पाय सोडून डबा खात बसलेले. कार्ल एल्डने केलेले 'गाणं' आणि 'नृत्य' हे दोन पुतळे कठड्यावर आहेत, आणि उंच खांबावर क्रिस्टियान एरिक्सनने घडवलेला एंगेलब्रेक्ट, १४३४ च्या उठावाचा पुढारी, खाणींच्या मुलखातला माणूस.

दुपारी कुंग्सहोल्मेनवरच दहा मिनिटं चालत रोडहूसेत बघायला गेलो, म्हणजे नगराचं न्यायालय. हे बघितल्याशिवाय स्टाड्सहूसेतची हकिगत अर्धी राहते. मुळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पर्धा झाली ती न्यायालयाच्या इमारतीसाठी, आणि जागा तीच, जळालेल्या गिरणीची. शेवटच्या फेरीत दोघंच उरले: ओस्टबर्ग आणि कार्ल वेस्टमान. ओस्टबर्ग जिंकले. नंतर नगराने बेत बदलला. न्यायालय वेगळं बांधायचं आणि पाण्याकाठी नगरभवन. नगरभवन ओस्टबर्गकडे राहिलं, न्यायालय वेस्टमानना दिलं. त्यांची इमारत १९१५ मध्ये पुरी झाली, वाड्स्टेना इथल्या जुन्या स्वीडिश किल्ल्याच्या वळणाची, जाड भिंती, मधोमध मनोरा. ती चांगली आहे, प्रामाणिक आहे. पण कागदावर जे ठरलं तेच उभं राहिलं, असं तिच्याकडे बघून वाटतं. ओस्टबर्गचं काम १९११ ते १९२३ असं बारा वर्षं चाललं, आणि ते बांधकाम चालू असताना आराखडे बदलत राहिले. वीट बघून रंग सोडला, चौकावर छप्पर घेतलं. खर्च आणि वेळ दोन्ही वाढले. आज कोणतीही नगरपालिका एका वास्तुविशारदाला इतकी मोकळीक देईल का, याची मला शंका आहे. पण स्टाड्सहूसेतचा प्रत्येक कोपरा जो विचारपूर्वक वाटतो, तो या मोकळीकीतून आलेला आहे. ती देणाऱ्या नगरपालिकेचं श्रेय मला ओस्टबर्गच्या श्रेयाइतकंच वाटतं.

संध्याकाळी परत नगरभवनात. सोमवारी नगर परिषदेची सभा असली, तर प्रेक्षकांच्या सज्जात कुणालाही जाऊन बसता येतं. आम्ही बसलो. खाली १०१ सदस्यांची जागा. चर्चा शाळांविषयी चालली होती, ताई हळू आवाजात सांगत होती. मी वर बघत होते. दालनाचं छत १९ मीटरवर, उघड्या तुळया आणि वासे, मध्ये आकाशासारखा निळा रंग. उलटी ठेवलेली व्हायकिंग नाव, असं त्याचं वर्णन करतात. जुन्या व्हायकिंग घरांत धूर जायला छताला उघडी जागा असे, तिचीही सूचना त्या रंगात आहे. लाकडी आसनं आणि टेबलं कार्ल माल्मस्टेनची. नगरभवनाच्या फर्निचरसाठी १९१६ मध्ये झालेल्या स्पर्धेत तो तरुण, अनोळखी सुतार-कलाकार पहिला आला, आणि पुढे स्वीडिश फर्निचरमधलं मोठं नाव झाला.

या दालनात बसल्यावर एक गोष्ट प्रकर्षाने आठवते. १९११ मध्ये पाया घातला जात होता तेव्हा स्वीडनमध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीत मिळकतीच्या प्रमाणात मतं मिळत. श्रीमंताला चाळीसपर्यंत मतं, गरिबाला एक, पुष्कळांना एकही नाही. १९१८ च्या डिसेंबरात ती पद्धत मोडीत निघाली, आणि स्त्रियांनी संसदेसाठी पहिल्यांदा मत दिलं ते १९२१ मध्ये. परिषदेवर बायका मात्र त्याआधीच पोचल्या होत्या. वाल्फ्रिड पाल्मग्रेन आणि गेरट्रुड मॉन्सन या दोघी १९१० मध्ये निवडून आल्या. म्हणजे आराखडा काढला तेव्हा हे मूठभरांचं सभागृह होतं, आणि दारं उघडली तोवर ते सगळ्या नगराचं झालं होतं. खाली बोलणाऱ्या सदस्या तिशीच्या होत्या. त्यांचं बोलणं संपलं, पुढचं नाव पुकारलं गेलं. सज्जात आमच्या शेजारी दोन शाळकरी मुलं वहीत टिपणं घेत होती.

मंगळवार

शेवटचा दिवस युर्गोर्देन बेटासाठी, तेही एका घरासाठी. वाल्डेमार्सउद्दे, प्रिन्स युजीनचं राहतं घर. १९०५ मध्ये फर्डिनांड बोबर्गने बांधलं. १९४७ मध्ये प्रिन्स गेला तेव्हा घर, बाग आणि संग्रह राष्ट्राला देऊन गेला, आणि आता ते संग्रहालय आहे. खोल्यांमध्ये अजून फुलांच्या कुंड्या ताज्या ठेवतात. त्याने स्वतः आखलेली कुंडी आजही विकत मिळते, ताईच्या घरी एक आहे.

इथली चित्रं बघितल्यावर प्रिन्सेन्स गॅलरीतली भिंत जास्त उलगडली. हा माणूस आयुष्यभर पाणी, ढग आणि उन्हाळ्यातली न संपणारी संध्याकाळ हेच रंगवत होता. नगरभवनात त्याने वेगळं काही केलं नाही, फक्त पट मोठा घेतला. राजपुत्र असूनही नगरभवनात त्याने राजाचं काहीही आणलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

कुणी जाणार असेल तर: आतल्या फेऱ्यांची तिकिटं सकाळी लवकर घ्या, उन्हाळ्यात ती भराभर संपतात, आणि काही समारंभ असला तर दालनं बंद असतात. डिसेंबरात नोबेलच्या दिवसांत तर आत शिरण्याची आशा धरू नका. मनोऱ्यासाठी मे ते सप्टेंबर हाच काळ. किस्टाहून येणाऱ्यांनी भुयारी रेल्वेच्या निळ्या मार्गावर रोडहूसेत स्थानकात उतरावं. ते स्थानकही खडकात कोरलेलं आणि तांबूस रंगवलेलं आहे, तेवढ्यासाठी पाच मिनिटं जास्त ठेवा. बोर्गारगोर्देनला गेलात तर सकाळी दहाच्या आधी जा. गर्दी नसते आणि ऊन पूर्वेकडून तिरपं येतं, त्या वेळी विटेतले रंग सगळ्यांत चांगले वेगळे करता येतात.